दोन्ही घ्या

तिघांनी मिळून बोट घेतली, तेव्हा भावाभावांत भांडणं होणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. प्रश्न एवढाच, की पहिलं कशावरून होणार. ते बोटीच्या नावावरून झालं आणि इतकं रंगलं की शेवटी बोटीला नावच मिळालं नाही. मागच्या बाजूला नोंदणीचा नंबर रंगवला आणि दोघे दोन दिशांना तोंडं करून बसले.

थोरला वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता. आयुष्यभर दुकानदारांचे काटे पकडत फिरला. नोकरीतून निवृत्त झाला, पण डोळ्यांतला संशय काही निवृत्त झाला नाही. धाकटा फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा. हातात कसब होतं, जिभेला लगाम नव्हता. त्याची बायको लवकर गेली आणि एकुलती मुलगी नोकरीच्या गावी राहायची, त्यामुळे त्याचा मुक्काम बहुतेक भावाच्याच घरी असे. शिडाची बोट घ्यायची, घर बंद करायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने फिरत राहायचं, हे खूळ दोघांच्या डोक्यात शाळेपासून होतं. आयुष्यात त्यांचं एकमेकांशी पटलं ते एवढ्या एका बाबतीत.

आणि या दोघांच्या मध्ये होती थोरल्याची बायको. तिची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. त्यामुळे गल्लीतल्या पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत, आणि बंदरावरही दोन दिवसांत तेच नाव पडलं.

बोटीवरचा नियम सिस्टरनेच घातला होता. तिघांपैकी दोघांचं जुळलं की तिसऱ्याने तोंड बंद ठेवायचं. वरून पाहिलं तर अगदी न्यायाचा नियम. पण भावांचं आपसात कधी जुळायचंच नाही, म्हणजे प्रत्येक निकाल हिच्याच गळ्यात. नांगर कुठे टाकायचा, पाण्याची टाकी कुठे भरायची, शीड आज शिवायचं की पुढच्या बंदरात, कशावरूनही दोघे तिच्या तोंडाकडे बघायचे. नवऱ्याची बाजू घेतली की दीर दिवसभर फक्त इंजिनाशी बोलायचा. दिराची घेतली की नवरा जेवताना ताटाला सांगायचा, "घरचं माणूसच उलटल्यावर बोलायचं कुणाला!" सिस्टर या रोजच्या पंचायतीला अगदी विटून गेली होती. ऑपरेशनच्या टेबलाशी भल्याभल्या डॉक्टरांना गप्प करणारी बाई ती, पण घरात मात्र शांततेसाठी वाटेल ते द्यायला तयार असायची. आणि लग्नापासून ती ते देतच आली होती.

अशात बोटीवरचं जुनं नकाशायंत्र बंद पडलं. धाकट्याने ते उघडलं तर आत खारं पाणी शिरून हिरवा गंज धरला होता. "याचं बारावं-तेरावं सगळं उरकलंय," त्याने जाहीर केलं. मग तिघं बंदरावरच्या बोटसामानाच्या दुकानात गेले.

दोरखंड आणि रंगाच्या डब्यांच्या वासाने दुकान भरलं होतं. दुकानदार बोलका होता. "ती मोठी यंत्रं आता कशाला घेता? टॅब घ्या, त्यावर नकाशाचं अ‍ॅप टाका. हल्ली सगळे तेच करतात. फक्त सिमची जागा असलेला घ्या. बिनसिमच्या बऱ्याच टॅबना आपण कुठे आहोत हेच कळत नाही."

"आमच्या दादासारखं," धाकटा म्हणाला.

"आणि तोंड बंद करायचं बटण असलेला याला दाखवा," थोरला म्हणाला.

दुकानदाराने दोन अ‍ॅप्स उघडून समोर ठेवली. एकाचं चिन्ह निळं होतं, दुसऱ्याचं पिवळं. निळं दिसायला झकपक. बोट ठेवलं की तिथली खोली सांगायचं, वाटेवरचे दिवे दाखवायचं, हवा तर आकाशातून काढलेला फोटो नकाशाखाली पसरायचं, आणि इथून तिथे जायचंय म्हटलं की वाटही आपली आपण आखून द्यायचं. त्याची फी दरवर्षीची. पिवळं म्हणजे जुना कागदी नकाशाच काचेखाली ठेवल्यासारखं. तेच बारीक आकडे, त्याच रेघा. पण एकदा घेतलं की घेतलं, आणि उन्हात वाचायलाही सोपं.

"दोन्हींचे नकाशे किनारा सोडण्याआधी उतरवून ठेवा," दुकानदार सांगत होता. "भर समुद्रात रेंज मिळत नसते. टॅब उन्हात ठेवू नका, तापला की बंद पडतो. आणि निळ्यात नकाशा लहान केलात तर खडक दिसेनासे होतात बरं का. मोठा करून बघायची सवय ठेवा."

झालं. थोरल्याला निळं हवं होतं, कारण त्यात माहिती जास्त. धाकट्याला पिवळं हवं होतं, कारण थोरल्याला निळं हवं होतं. धाकट्याचं म्हणणं, वाट आखून देणाऱ्या अ‍ॅपने माणूस आंधळा होतो. थोरल्याचं म्हणणं, कागदाचा फोटोच बघायचा तर टॅब कशाला, पाटी-पेन्सिल घ्यावी. आवाज वाढले. आलेली दोन गिऱ्हाईकं दारातूनच परत फिरली. मग नेहमीप्रमाणे दोघे सिस्टरकडे वळले, आणि दुकानदारही वळला.

सिस्टरचे गुडघे ठणकत होते. काहीही बोललं तरी पुढचे चार दिवस कुणाचे तरी गाल फुगलेले राहणार, हे तिला दिसत होतं.

"दोन्ही घ्या," ती म्हणाली. "दोन टॅब घ्या. एकावर एक, दुसऱ्यावर दुसरं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरल्याचा चेहरा हळूहळू खुलला. "अरे, हे बरोबर आहे. एकाची चूक दुसरा पकडेल. दोन काटे एकच वजन दाखवायला लागले की माप खरं."

खरं तर नोकरीत तो असं कधीच करत नसे. त्याच्याजवळ सरकारी शिक्क्याची पितळी वजनं असायची, आणि काटा खरा की खोटा ते ती वजनं ठरवायची. दोन काटे एकमेकांशी जुळतात म्हणून कुठलाही दुकानदार त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. सिस्टरला हे त्या दुकानात, त्याच क्षणी आठवलं. पण नवरा खूश होता, दीर खूश होता, आणि दुकानदार तर सगळ्यांत जास्त. तिने तो विषय काढला नाही.

त्यानंतरचे दिवस बोटीवरचे सगळ्यांत सुखाचे गेले, हे नाकबूल करता येणार नाही. निळा टॅब थोरल्याच्या हातात, पिवळा सुकाणूजवळच्या चौकटीत. एक म्हणायचा, "माझ्याकडे सात मीटर." दुसरा म्हणायचा, "माझ्याकडेही सात." की दोघे भाऊ वर्गात पहिला नंबर आल्यासारखे हसायचे. नांगराची जागा ठरली, वाट ठरली, वाद नाही की रुसवा नाही. सिस्टर दुपारी झोपायला लागली. किती वर्षांनी दुपारची झोप मिळत होती कुणास ठाऊक.

या सगळ्यात नियम कसा बदलला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा एका खाडीत ती म्हणाली, "इथे तळाशी गवत आहे, नांगर धरणार नाही." त्यावर थोरला सहज म्हणाला, "दोघांचं मत पडलंय इथेच." दोघं म्हणजे तो आणि धाकटा असं तिला वाटलं. पण धाकटा खाली इंजिनात डोकं घालून बसला होता. दोघं म्हणजे टॅब. तिला त्याचं हसूच आलं. त्या दिवशी नांगराने तळ धरलाही, त्यामुळे बोलायला जागा राहिली नाही.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी दुपारीच आभाळ भरून यायला लागलं होतं. वारा पाठीमागून वाढत होता. समोर नदीचं मुख होतं आणि आत शिरलं की डोंगराच्या आडोशाला शांत पाणी. निळ्याने वाट आखून दिली होती. पिवळ्यातले आकडे त्या वाटेवर सरळ पाच-पाच मीटर दाखवत होते, आणि बोटीचा तळ पाण्याखाली जेमतेम दोन मीटर जायचा. मोठं शीड अजून वरच होतं. ते उतरवून इंजिनावर जाऊ, असं धाकटा म्हणाला होता. मुखाच्या आत गेल्यावर उतरवू, असं थोरला म्हणाला. धाकट्याने ऐकलं.

सिस्टर पुढच्या टोकाला कठड्याला धरून उभी होती. तिला समोर पाण्याचा एक पट्टा वेगळा दिसला. आजूबाजूचं पाणी करडं-हिरवं, आणि तिथे फिकट, दुधात चिखल कालवल्यासारखं. लाटाही तिथे आखूड होऊन आपसांत धडकत होत्या.

"पुढे पाणी फिकट दिसतंय हो," तिने सांगितलं.

धाकट्याने सुकाणूवरून मान उंचावली. "दादा, वहिनी म्हणतात तसं दिसतंय खरं. मी डावीकडे घेतो."

"थांब, थांब. तुझा काय दाखवतोय?"

"पाच."

"माझाही पाच. दोघं पाच म्हणतायत. ढगाची सावली असेल ती. सरळ चल. डावीकडे गेलास तर खडक आहेत, दोन्हींत आहेत."

धाकट्याचा हात सुकाणूवर घुटमळला. तीन माणसांपैकी दोघांना तो पट्टा दिसला होता. सिस्टरच्या जुन्या नियमाने खरं तर तिथेच निकाल लागला होता. पण थोरल्याने टॅबांची मतं मोजली होती आणि ती मोजायची सवय आता सगळ्यांनाच लागली होती. धाकट्याने तोंडाशी हात धरून हाक मारली, "वहिनी, काय करू?"

खोली मोजणारं यंत्र होतं, पण ते बोटीच्या खालची खोली सांगतं, पुढची नाही. पुढचं बघायला फक्त ती होती. तिने मागे वळून पाहिलं. नवऱ्याच्या कपाळाला आठ्या होत्या. आता डावीकडे घे म्हटलं की तो टॅब खाली आपटणार, आणि पुढचे आठ दिवस तिला आणि धाकट्याला त्याचा चेहरा बघवणार नाही. कदाचित ती सावलीच असेल. तिने हात हलवला. जाऊ दे, तो म्हणतो तसं कर, अशा अर्थाने.

थोड्याच वेळात बोट थांबली. बोट अशी थांबते हे तिला माहीतच नव्हतं. ती पुढच्या पुढे कठड्यावर आदळली. मागून आलेल्या लाटेने बोटीची शेपटी उचलून बाजूला फेकली, शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला झालं आणि त्याच्याबरोबर त्याचा आडवा दांडा आला. समोरचं नीट दिसावं म्हणून धाकटा सुकाणूजवळ उभा राहिला होता. दांडा त्याच्या कानामागे बसला.

सिस्टर धडपडत त्याच्यापर्यंत पोचली, तोवर तो बसल्यासारखा कोपऱ्यात कलंडला होता. रक्त फारसं नव्हतं. तिने त्याच्या पापण्या उचलल्या. एक बाहुली लहान होती, दुसरी मोठी आणि स्थिर. त्याचा अर्थ तिला चांगला ठाऊक होता. असा माणूस अर्ध्या तासाच्या आत तिच्या टेबलावर असता, तर काही आशा होती. इथे वाळूच्या बांधावर अडकलेली बोट होती आणि सभोवती फेस. तिने त्याचं डोकं मांडीवर सरळ धरलं, श्वासाची वाट मोकळी ठेवली, आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, "रेडिओवरून मदत बोलवा. लवकर!"

थोरल्याने मदत बोलावली. मग तो निळा टॅब घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. बोट एका अंगावर झुकली होती, तळ वाळूत करकरत होता. "हे बघ," तो म्हणत होता, "अजून पाचच दाखवतोय. तो दुसराही पाचच दाखवतोय. हे बघ ना." त्याला ते कुणाला तरी पटवून द्यायचं होतं.

मदतीची बोट आली तेव्हा सिस्टर धाकट्याची नाडी धरून बसली होती. नाडी थांबून बराच वेळ झाला होता, हे तिने त्या लोकांना सांगितलं. नवऱ्याला तिने ते मघाशीच सांगितलं होतं, पण त्याने ऐकलं नव्हतं.

चौकशी चार दिवसांनी बंदराच्या कार्यालयात होती. जवळच्याच एका लॉजवर दोघं उतरली होती. त्या सकाळी थोरला दाढी करून, शर्टाची सगळी बटणं लावून पलंगाच्या कडेला बसला. चार दिवसांत तो भावाविषयी एक शब्द बोलला नव्हता.

"कुणालाच काही दिसलं नाही," तो म्हणाला. "असंच सांगू या. आभाळ भरलं होतं, सावल्या होत्या. खरंही तेच आहे."

सिस्टरने खोलीची किल्ली उचलली.

"मी फक्त माझ्यापुरतं नाही म्हणत. तू हात हलवलेला मी पाहिलाय." त्याचा आवाज फाटला. "पोरीला कशाला कळायला हवं ते? तिला आता आपल्याशिवाय आहे कोण?"

तो तिला धाक दाखवत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याचा प्रत्येक आवाज ओळखता यायचा, आणि हा घाबरलेल्या माणसाचा होता. तिने त्याची कॉलर नीट केली आणि दोघं निघाली.

कार्यालय म्हणजे एकच खोली. टेबल, चार खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. धाकट्याची मुलगी आधीच येऊन बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण ती ताठ बसली होती. सिस्टर शेजारी बसताच तिने काकूचा हात आपल्या हातात घेतला. "बाबा फोनवर नेहमी म्हणायचे, वहिनी बोटीवर आहेत ना, मग काळजी नाही."

चौकशी करणारे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोरल्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. दोन टॅब, दोन अ‍ॅप्स, दोन्हींवर पाच मीटर हे त्याने तीनतीनदा सांगितलं, आणि कुणालाच काही दिसलं नाही हेही. मग साहेबांनी चष्मा काढला.

"काका, अ‍ॅप्स दोन असली तरी दोघं आकडे एकाच ठिकाणाहून घेतात. या मुखाची मोजणी फार जुनी आहे. त्यानंतर नदीला पूर आले, वाळू सरकली. पीठ दोन दुकानांतून आणलंत, पण गिरणी एकच. नकाशावर बोट दाबून धरलं तर दोन्हींत मोजणीचं साल येतं. कुणी बघत नाही, तुम्हीही बघितलं नसेल."

ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली, त्याच्या चेहऱ्याकडे सिस्टरला बघवेना.

"पण नकाशा जुना असला तरी," साहेब पुढे म्हणाले, "तिथलं पाणी वेगळं दिसतं. आमच्या माणसांना लांबून दिसलं. सुकाणूवर कोण होतं?"

"माझा भाऊ."

"आणि तुम्हा दोघांना काही दिसलं नाही. म्हणजे पुढे बघायची जबाबदारी सुकाणूवाल्याची. त्यांचं लक्ष नव्हतं, असंच अहवालात येणार." त्यांनी लिहायला घेतलं. "बाईंचंही हेच म्हणणं ना? मग एकच लिहितो, खाली दोघं सह्या करा."

"बाबांचं लक्ष नव्हतं?" पुतणीने विचारलं. तिने साहेबांना नाही, काकूला विचारलं.

आता मान हलवली की सगळं मिटणार होतं. नवऱ्याचं राहिलेलं आयुष्य, ही पोर, तिचा हातात घेतलेला हात, सगळं जागच्या जागी राहणार होतं. मेलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो, असंही तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"माझं म्हणणं वेगळं आहे," सिस्टर म्हणाली.

थोरल्याने डोळे मिटले.

"पाणी फिकट होतं. मला दिसलं, मी सांगितलं. बाबांनाही दिसलं, बाळा. ते बोट वळवणार होते. काकांनी नको म्हटलं, टॅब पाच दाखवतात म्हणून. मग बाबांनी मला विचारलं, वहिनी काय करू. मी हाताने सांगितलं, जाऊ दे, सरळ जा."

साहेबांनी लिहिणं थांबवलं होतं.

"पण तुम्हाला तर दिसलं होतं," पुतणी म्हणाली. तिने हात सोडवून घेतला नव्हता, बहुधा तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. "काकू, दिसलं होतं तर तुम्ही असं का सांगितलंत?"

सिस्टरने खूप शोधलं. वारा होता, घाई होती, सावली असेल असं वाटलं, ही सगळी कारणं होती आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं.

"भांडण नको म्हणून," ती म्हणाली.

पुतणी तिच्याकडे बघत राहिली, अजून काहीतरी असेल म्हणून थांबली. अजून काही नव्हतं. मग तिने आपला हात काढून घेतला आणि खुर्ची थोडी सरकवून साहेबांना म्हणाली, "लिहून घ्या."